कीटकांचा नामकर्ता फॅब्रिशियस

पुणतांब्याचे स्टेशन मागे टाकून गोदावरीच्या घाटाकडे जाऊ लागले म्हणजे वाटेच्या कडेस व शेतांच्या बांधांवर बाभळी लागतात. पावसाळा सरता सरता त्यांना कोवळे फुटवे आलेले असतात. अशा एखाद्या फुटव्यावर मुंगळ्यांची ये-जा चाललेली दिसली, तर तेथे क्षणभर थांबावे. फुलोरा नाही, फळ नाही, मग हे मुंगळे येथे कशासाठी चढले असावेत, असा प्रश्न मनात येतो व आपण फांदी निरखून पाहू लागतो. तोच, ज्यांना आपण काटे समजत होतो, त्यांपैकी दोन-चार काटे हळूच फांदीच्या पलीकडच्या अंगास सरकतात! बोट जवळ नेले की त्यांतला एक टुणकन उडी घेऊन नाहीसा होतो.

तो काटा नव्हे, कीटक होय. गव्हाच्या दाण्याएवढे शरीर, वाळक्या सालीसारखा तपकिरी रंग, दोन्ही खांद्यांवर दोन शिंगे आणि पाठीवरून मागे गेलेला एक लांब अणकुचीदार शूल, असे त्याचे रूप आहे. शिंगे असलेल्या ह्या तुडतुड्यास शास्त्रज्ञ ऑक्सीराकिस टॅरँडस असे म्हणतात. त्याच्याभोवती पहारा करणाऱ्या काळ्या मुंगळ्याचे शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस असे आहे. ह्या दोघांस पहिल्या प्रथम शास्त्रीय नाव देणारा पुरुष एकच. मुंगळ्याचे नाव त्याने १७८७ साली व तुडतुड्याचे १७९८ साली छापून प्रसिद्ध केले. आणि ज्या बाभळीवर हे दोघे नांदतात तिचे नामकरण त्याच पुरुषाच्या गुरूने १७५३ साली केले होते. मात्र ह्या गुरुशिष्यांपैकी एकाचाही पाय हिंदुस्थानच्या भूमीस कधी लागला नाही. घरबसल्या आमच्या बांधावरील सृष्टीस नावे ठेवणारा हा शिष्य कोण होता, त्याने काय साधले व काय त्याच्या हातून राहून गेले, हे आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींस सांगावे, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

योहान ख्रिश्चन फॅब्रिशियस ह्याचा जन्म ता. ७ जानेवारी १७४५ रोजी श्लेस्विग प्रांतातील टोंडर गावी झाला. हा प्रांत त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होता. वडील वैद्यकीचा व्यवसाय करीत. अल्टोना येथे शिक्षण घेऊन तो १७६२ साली कोपनहेगनच्या विद्यापीठात दाखल झाला, आणि त्याच वर्षी आपला नातलग व मित्र झोएगा ह्याच्यासह स्वीडनमधील उप्साला येथे गेला. त्या नगरीत त्या वेळी सृष्टिशास्त्राचा सर्वांत मोठा आचार्य लिनियस हा विद्यादान करीत होता. सतरा वर्षांच्या फॅब्रिशियसने त्याच्या पायांशी दोन वर्षे घालविली. तेवढ्या दोन वर्षांनी त्याच्या साऱ्या आयुष्याची दिशा ठरविली.

लिनियसने काय केले होते, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. त्याच्या पूर्वी एखाद्या वनस्पतीचे नाव म्हणजे दहा-बारा शब्दांचे वर्णनच असे. लिनियसने प्रत्येक जातीस दोनच शब्दांचे नाव देण्याचा परिपाठ पाडला. पहिला शब्द आमच्या आडनावाप्रमाणे घराणे सांगतो, दुसरा त्या जातीची ओळख पटवितो. ह्या रीतीने त्याने १७५३ साली वनस्पतींची व १७५८ साली प्राण्यांची नावे नियमबद्ध केली. बाभळीस त्याने मिमोसा निलोटिका, म्हणजे नाईल नदीकाठची, असे नाव दिले. पुढे तिचे घराण्याचे नाव बदलून अकेशिया झाले, अलीकडे तर व्हॅचेलिया झाले आहे. परंतु निलोटिका हे दुसरे नाव अद्यापि तसेच आहे.

लिनियसचे कित्येक शिष्य नव्या वनस्पती व प्राणी शोधण्यासाठी दूरदेशी निघून गेले, व त्यांतील काही पुन्हा स्वदेशी आलेच नाहीत. फोर्सकाल नावाचा शिष्य १७६३ साली, फॅब्रिशियस उप्सालास असतानाच, येमेन देशात मरण पावला. फॅब्रिशियसच्या वाट्यास दुसऱ्या प्रकारचे काम आले. इतरांनी प्राण धोक्यात घालून जे पाठविले, ते पेट्यांतून व कपाटांतून तपासून त्याची नीट मांडणी लावणे, हे ते काम होय.

१७७० साली त्यास कोपनहेगन येथे प्रोफेसरची जागा मिळाली. त्यानंतर काही वर्षे तो हिवाळा कोपनहेगनास व उन्हाळा लंडनास घालवीत असे. कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून १७७१ साली परतलेले जोसेफ बँक्स व सोलँडर हे त्या वेळी लंडनात होते. सोलँडर तर लिनियसचाच शिष्य, म्हणजे फॅब्रिशियसचा गुरुबंधू. त्यांनी आपली कपाटे त्याच्यापुढे खुली केली. त्या परिश्रमाचे फळ म्हणून १७७५ साली त्याचा कीटकशास्त्रावरील पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात शिंगे असलेल्या तुडतुड्यांसाठी त्याने मेम्ब्रासिस हे नवे घराणे निर्माण केले. आज जगात ह्या तुडतुड्यांच्या तीन हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि त्या सर्वांच्या कुळास मेम्ब्रासिडी हे नाव पडले आहे ते ह्याच शब्दावरून.

त्याच ग्रंथात फॅब्रिशियसने एक नवा विचार मांडला. गुरूने कीटकांचे वर्ग पंखांवरून पाडले होते. पंख दोन की चार, उघडे की टणक आवरणाखालचे, हे पाहून कीटक कोठे ठेवावयाचा ते लिनियस ठरवी. शिष्याने आदरपूर्वक वेगळी वाट धरली. त्याचे म्हणणे असे की, प्राण्याचे सारे जीवन त्याच्या आहारावर अवलंबून असते व आहाराचे साधन म्हणजे मुख. ज्यांचे अन्न एक प्रकारचे, त्यांची मुखेही एक प्रकारची असावयाची. तेव्हा कीटकांची खरी नाती ओळखावयाची तर त्यांचे मुख पाहावे. भुंग्याचे जबडे चावणारे, फुलपाखराची सोंड गुंडाळणारी, ढेकूण व तुडतुडे ह्यांची चोच टोचून रस ओढणारी. ह्या शेवटच्या वर्गास त्याने चोच ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिले. मोहरीहून बारीक अवयव साध्या भिंगाखाली धरून त्याने हजारो कीटकांची मुखे तपासली. आजच्या शास्त्राने त्याची पद्धत जशीच्या तशी ठेवलेली नाही, तरी मुखाच्या रचनेस त्याने जे महत्त्व दिले ते कायम राहिले आहे.

१७७५ सालीच तो कील येथील विद्यापीठात सृष्टिशास्त्राचा व अर्थशास्त्राचा प्रोफेसर झाला. तेथे वस्तुसंग्रहालय बांधून देऊ, वनस्पतींचा बाग करून देऊ, अशी आश्वासने त्यास मिळाली होती. ती पाळली गेली नाहीत. निराश होऊन त्याने जागा सोडण्याचे मनात आणावे व विद्यार्थ्यांनी रदबदली करून त्यास थांबवावे, असे अनेकदा घडले. साधने तोकडी होती, म्हणून त्याने हातावर हात ठेवून बसणे पत्करले नाही. सुटी लागली की तो प्रवासास निघे व आज लंडन तर उद्या पॅरिस असे परक्यांचे संग्रह पाहून टिपणे करी. १७७८ साली त्याने कीटकशास्त्राची मूलतत्त्वे सांगणारे पाठ्यपुस्तक लिहिले. ह्या विषयावरील असे ते पहिलेच पुस्तक समजले जाते. त्यानंतर १७८१, १७८७, १७९२ ते १७९४, १७९८ असे एकामागून एक त्याचे ग्रंथ निघत गेले.

आता पुणतांब्याच्या मुंगळ्याचे नाव कीलपर्यंत कसे पोहोचले, ते पाहू. तामिळ देशात समुद्रकिनारी तरंगंबाडी नावाचे गाव आहे. युरोपियन लोक त्यास ट्रांक्वेबार म्हणत. तेथे डेन्मार्कच्या राजाचे ठाणे होते, व १७०६ साली झीगेनबाल्ग व त्याचा सोबती ह्यांनी तेथे पाऊल ठेवून हिंदुस्थानातील पहिले प्रॉटेस्टंट मिशन स्थापिले. ह्या मिशनचा वैद्य म्हणून १७६८ साली योहान केनिग तेथे आला. हाही लिनियसचाच शिष्य. रोग्यांस औषध देऊन उरलेल्या वेळात तो वनस्पती व कीटक जमवी आणि जहाजांबरोबर युरोपात पाठवी. १७८५ साली हिंदुस्थानातच त्याचा देहान्त झाला. पुढे डाल्डॉर्फ नावाच्या डॅनिश लष्करी अधिकाऱ्यानेही ट्रांक्वेबारहून पुष्कळ कीटक पाठविले. अशा रीतीने आमच्या देशातील प्राणी टाचणीस टोचून, कापसात गुंडाळून, सहा-सहा महिने समुद्रावर हेलकावे खात फॅब्रिशियसच्या टेबलावर जाऊन पडत. ट्रांक्वेबारचे ठाणे १८४५ साली इंग्रजांनी विकत घेतले, पण त्या गावाचे नाव कीटकशास्त्राच्या ग्रंथांतून कायमचे राहिले आहे.

येथे एक घोटाळा टाळला पाहिजे. तामिळ भाषेत बायबलचे भाषांतर करणारे व तामिळ कोश रचणारे मद्रासचे मिशनरी फॅब्रिशियस हे निराळे. त्यांचे नाव योहान फिलिप असून ते १७९१ साली मद्रासेत निवर्तले. आमचा चरित्रनायक मिशनरी नव्हता. परंतु मिशनच्या वैद्याने व त्याच्यासारख्यांनी पाठविलेल्या सामग्रीवाचून त्याच्या ग्रंथांतील हिंदुस्थानची पाने कोरीच राहिली असती.

नावे ठेवण्यात फॅब्रिशियसची कल्पकता दिसून येते. एका तुडतुड्याची शिंगे पाहून त्यास बैलाची आठवण झाली. त्यास त्याने टॉरस, म्हणजे बैल, असे नाव दिले. हा तुडतुडा आज लेप्टोसेंट्रस टॉरस ह्या नावाने ओळखला जातो व आपल्याकडे अनेक झाडांवर आढळतो. बाभळीवरच्या तुडतुड्याची शिंगे पाहून त्यास आपल्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातील सांबरासारखा प्राणी आठवला. ज्यास तेथील लोक गाडीस जुंपतात त्या रेनडिअरचे लॅटिन नाव टॅरँडस. तेच त्याने ह्या चिमुकल्या कीटकास दिले. उन्हाने भाजून निघणाऱ्या आमच्या बाभळीवर बर्फातला प्राणी असा नावापुरता येऊन बसला आहे.

आता त्याच्या कामातील उणीव सांगतो. ती सांगितल्यावाचून चरित्र पुरे होणार नाही. त्याच्या ग्रंथांत परदेशी कीटकाच्या वर्णनाखाली बहुधा दोन-तीन लॅटिन शब्दांत देश सांगितलेला असतो व तो कोणी पाठविला किंवा कोणाच्या संग्रहात आहे तेवढे लिहिलेले असते. कीटक कोणत्या झाडावर बसला होता, हे बहुतेक ठिकाणी नसतेच. तो दोष त्याचा नव्हे. पाठविणाराने चिठ्ठीवर जे लिहिले नाही, ते कीलमध्ये बसून त्याने कोठून जाणावे? परंतु ह्यातील दैवाचा खेळ पाहा. ज्या विद्वानाने मुखावरून आहार व आहारावरून नाते अशी शास्त्राची उभारणी केली, त्याच्या हाती मुख आले, पण घास आला नाही. तुडतुड्याची चोच त्याने भिंगातून पाहिली. ती चोच बाभळीच्या कोवळ्या सालीत रुतलेली पाहावयास तो कधी मिळाला नाही. मुंगळ्यास नाव दिले व अकरा वर्षांनी तुडतुड्यास दिले. पण हे दोघे एकाच फांदीवर शेजारी असतात, ह्याचा त्याच्या पेटीत काही पुरावा नव्हता.

आज ते शेजारपण आपणांस ठाऊक आहे. मादी कोवळ्या फांदीची साल चिरून त्या चिरेत अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिले फांदीवर दाटीवाटीने बसून रस ओढतात. रसात साखर पुष्कळ व इतर पौष्टिक द्रव्य थोडे, म्हणून त्यांस फार रस प्यावा लागतो, आणि जास्तीची साखर गोड थेंबांच्या रूपाने ती बाहेर टाकतात. मुंगळा आपल्या मिशांनी पिलास हळूच थोपटतो, थेंब बाहेर येतो व मुंगळा तो पिऊन घेतो. त्याच्या मोबदल्यात तो कोळी व इतर शत्रू ह्यांस पिलांजवळ फिरकू देत नाही. गवळी आणि गाय ह्यांच्यासारखा हा व्यवहार आहे.

फॅब्रिशियसच्या घरातही सुखदुःखांचे फेरे आले. १७७१ साली त्याचा विवाह आना सेसिलिया आम्ब्रोसियस ह्या सुविद्य स्त्रीशी झाला होता. त्यांस दोन पुत्र व एक कन्या झाली. ती कन्या अठरा वर्षांची असताना पॅरिस येथे अपघाताने मरण पावली. उतारवयातही त्याने काम सोडले नाही. १८०३ साली त्याने चोचीच्या कीटकांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १८०७ साली इंग्रजांच्या आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागून शहराचा मोठा भाग जाळला. ही वार्ता ऐकून तो कीलला परतला. प्रकृती खचत गेली व ता. ३ मार्च १८०८ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्याने देह ठेविला. लिनियसने कीटकांच्या सुमारे तीन हजार जातींस नावे दिली होती. शिष्याने सुमारे दहा हजारांस दिली. कीलचा त्याचा संग्रह आजही जतन करून ठेविलेला आहे.

त्याच्यानंतर हे काम थांबले नाही. १९०८ साली डिस्टंट ह्याने हिंदुस्थानातील तुडतुड्यांचे वर्णन सरकारी ग्रंथमालेत प्रसिद्ध केले, व १९९६ साली अनंतसुब्रमणियन् ह्यांचा ह्याच कुळावरील ग्रंथ निघाला. बाभळीखेरीज तुरीच्या पिकावरही शिंगांचा एक तुडतुडा येतो. त्याचे नाव ओटिनोटस ओनेरॅटस. असे सारे प्रकार एकमेकांपासून ओळखावयाचे तर पाठीचा शूल पाहावा. ऑक्सीराकिसचा शूल पाठीस लागून सरळ मागे जातो व त्याखालचा त्रिकोणी भाग झाकून टाकतो. लेप्टोसेंट्रसचा शूल कमानीसारखा वर उचललेला असतो; त्याच्या व अंगाच्या मधून उजेड दिसतो आणि तो त्रिकोण उघडा राहतो. भिंग हाती असेल तर शाळकरी मुलासही हा भेद कळेल.

झाडाची ओळख मात्र याहून अधिक सावधपणे करावी लागते. पंख फुटलेला तुडतुडा एका झाडावरून उडून दुसऱ्यावर विसावतो. तेवढ्यावरून ते त्याचे आश्रयाचे झाड ठरत नाही. प्रवासी धर्मशाळेत उतरला म्हणून ते त्याचे घर होत नाही. जेथे अंड्यांच्या चिरा आहेत, जेथे बिनपंखी पिले रस पीत आहेत, तेच त्याचे घर. शिवाय झाडाचे नावही नेमके पाहिजे. बाभूळ, हिवर, शमी व परदेशाहून आलेली वेडी बाभूळ ह्या सर्वांस काटे आहेत, म्हणून सर्वांस बाभूळ म्हणून मोकळे होणे बरे नव्हे. बाभळीचे फूल पिवळे गोंड्यासारखे व शेंग मण्यांच्या माळेसारखी. हिवराचे गोंडे फिके पिवळसर व खोडाची साल पांढुरकी. शमीची व वेड्या बाभळीची फुले गोंड्याची नसून तुऱ्याची. एक डहाळी, शक्य तर फुलासह, जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत वाळवून ठेवावी व तिच्यासोबत चिठ्ठीवर गाव, तारीख, झाड, पिले होती किंवा नव्हती, मुंगळे कोणते होते, एवढे लिहावे.

विद्यार्थिमित्रहो, ही चिठ्ठी क्षुल्लक वाटेल. परंतु दहा हजार नावे देणाऱ्या त्या थोर पुरुषास जन्मभर जी मिळाली नाही, ती हीच. कीलच्या प्रोफेसरजवळ विद्या होती, भिंग होते, ग्रंथ होते. त्याच्याजवळ बाभळीचा बांध नव्हता. तुमच्याजवळ तो आहे. रस्ते रुंद होताना आणि शेतांचे बांध कोरले जाताना ह्या बाभळी एकेक करून पडत आहेत, आणि झाड गेले म्हणजे फांदीवरचे हे शेजारपणही त्याबरोबर जाते. संग्रहालयातील टाचणीला टोचलेला कीटक दोनशे वर्षे टिकला. पण तो कोणत्या झाडाचा रस पिऊन वाढला, हे त्यास विचारता येत नाही. ते ज्याने पाहिले त्यानेच लिहून ठेविले पाहिजे. येत्या पावसाळ्याअखेर गोदाकाठी फिरावयास जाल तेव्हा खिशात एक भिंग व एक पेन्सिल असू द्यावी. फॅब्रिशियसच्या ग्रंथात जी जागा रिकामी राहिली आहे, ती भरण्यास तेवढे साहित्य पुरे आहे.